सोसायटीच्या कचऱ्यातली सुई मावशींच्या बोटात गेली, दवाखान्याच्या कचऱ्याचा नियम नक्की काय आहे?

निंबोणी (कोपरखैरणे)
मंगळवार, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. रात्रभर झोप नाही, म्हणून सकाळी सकाळी इथे लिहितेय. लांबलं तर समजून घ्या.

आमची सोसायटी ४८ फ्लॅटची, खाली गाळे. एका गाळ्यात डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि त्याला लागूनच रक्त-लघवी तपासणीचं कलेक्शन सेंटर, दोन्ही एकाच डॉक्टरांचं. ओला-सुका वेगळा करायला एक मावशी येतात, गेली सहा वर्षं त्याच आहेत. सुक्यातल्या बाटल्या आणि पुठ्ठा त्या बाजूला काढतात, भंगारवाल्याकडून तेवढेच चार पैसे सुटतात.

काल दुपारी पेपरात गुंडाळलेली एक पुडी त्यांच्या हाती लागली. आत काय आहे बघायला त्यांनी ती दाबली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात सुई गेली. हातात ग्लोव्हज नव्हते. सोसायटीने दिलेत, पण ते जाड रबराचे आहेत, त्यात बोटं वळत नाहीत म्हणून त्या घालत नाहीत. त्यांनी बोट तोंडात घातलं, मग नळाखाली धरलं, चिंधी बांधली आणि पुढचं काम उरकलं. मला कळलं संध्याकाळी, तेही वॉचमनकडून. फोन केला तर म्हणाल्या, "ताई, असं होतंच की, मागच्या दिवाळीत पण लागली होती." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सहा वर्षांत आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

त्याच कचऱ्यात रक्त लागलेले कापसाचे बोळे आणि हातमोज्यांची एक जोडी पण निघाली. झालं, सोसायटीचा ग्रुप पेटला. हे दवाखान्याचंच काम, गाळा खाली करायला लावा, इथपर्यंत मजल गेली. सेक्रेटरी खाली विचारायला गेले तर तिथला मुलगा म्हणाला, आमच्या पिशव्या न्यायला वेगळी गाडी येते, सुई आमची नाही. कापसाचं विचारलं तेव्हा मात्र गप्प बसला.

मला विचारायचंय ते असं की दवाखान्याने हा कचरा कसा द्यायचा असतो, त्यांच्याकडे कुठलं लायसन्स असायला हवं, तक्रार करायची तर महापालिकेत की आणखी कुठे, आणि मुख्य म्हणजे मावशींचं काय करायचं, नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन पुरतं का. सुईचा फोटो जोडलाय. अगदी बारकी आहे, एका टोकाला प्लॅस्टिकची बोंडासारखी बैठक, आणि त्याच पुडीत निळसर रंगाचं छोटं टोपण पण होतं.

जयू_सिस्टर (ठाणे)
मंगळवार, सकाळी ९:१५

निंबोणीताई, नियम वगैरे नंतर वाचा, आधी मावशींना घेऊन निघा. मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली, आणि तुम्ही लिहिलंय की काल दुपारी लागली, म्हणजे अजून वेळ आहे पण दवडायला नाही.

पालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि सरळ सांगा, कचऱ्यातली सुई लागली, कोणाची ते माहीत नाही. एचआयव्हीचं संरक्षण म्हणून औषध असतं, त्याला आम्ही पीईपी म्हणतो. ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, दोन तासांत झालं तर उत्तमच, आणि पुढे २८ दिवस घ्यायचं असतं. द्यायचं की नाही ते तिथले डॉक्टर जखम आणि सुई बघून ठरवतील, त्यासाठी फोटो दाखवा. भीती घालत नाहीये. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई लागली तरी लागण साधारण हजारात ३ जणांना होते. मला जास्त काळजी हिपॅटायटिस बी ची आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई लागली तर धोका ६ ते ३० टक्के धरतात आणि हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी तग धरतो. मावशींना विचारा लस झालीय का. मला खात्री आहे नसेलच झालेली. तीन डोस असतात, आज पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी.

रक्ताची तपासणी आज होईल, ती आधीची स्थिती कळायला. नंतर पुन्हा दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी बोलावतात, तेव्हा "आता बरी आहे" म्हणून सोडून देऊ नका.

आणि हे सगळ्यांसाठी: सुई लागली की बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी, बस. आमच्या वॉर्डात हे भिंतीवर लावलेलं असतं तरी नवीन मुली पहिल्यांदा बोट पिळतातच.

खाडीकाठ (ऐरोली)
मंगळवार, सकाळी ९:४०

सिस्टरना अनुमोदन. बाकी माझं मत विचाराल तर थेट एमपीसीबीला, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. बेलापूरला रायगड भवनात त्यांचं नवी मुंबईचं प्रादेशिक ऑफिस आहे, ठाण्याच्या लोकांसाठी वागळे इस्टेटला. सोबत पालिकेच्या आरोग्य विभागाला एक कॉपी. हे नियम मोडले तर पूर्वी पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड होता, आता १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि १० हजार ते १५ लाख दंड आला, म्हणजे खिशाला चांगली झळ बसते. रक्ताचा कापूस सोसायटीच्या डब्यात टाकणाऱ्याला कशाला सोडायचं?

कोलशेतचा_डॉक्टर (ठाणे)
मंगळवार, दुपारी १:२०

माझा स्वतःचा छोटा दवाखाना आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो, पण आधी फोटोबद्दल.

निंबोणीताई, ही सुई रक्त काढायची नाही. रक्त काढायची सुई इंच-सव्वा इंच लांब आणि बरीच जाड असते. फोटोतली चार-पाच मिलिमीटरची आहे, बैठकीत आतून आटे दिसतायत. ही इन्शुलिन पेनला लावायची सुई आहे, निळं टोपण तिचंच. हिला दोन टोकं असतात, एक कातडीत जाणारं आणि दुसरं मागच्या बाजूने पेनच्या कार्ट्रिजमध्ये घुसणारं. लोक पुढचं टोपण लावतात आणि समजतात झालं, पण मागचं टोक तसंच उघडं असतं. दवाखान्यात आम्ही पेन फारसं वापरत नाही. ते पेशंट घरी वापरतो. तेव्हा गाळा खाली करायच्या आधी आपल्या ४८ घरांकडे बघा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

आता कापूस आणि हातमोजे. ते सोसायटीच्या डब्यात येणं चूकच, त्याला सबब नाही. दवाखान्याच्या कचऱ्याच्या १९९८ सालच्या पहिल्या नियमांत महिन्याला हजारापेक्षा कमी पेशंट बघणाऱ्या दवाखान्यांना परवानगी घ्यायची गरज नव्हती. २०१६ साली नवे नियम आले, त्यात ही सूट गेली. आता एक खोलीचा दवाखाना असो, कलेक्शन सेंटर असो, जनावरांचा दवाखाना असो नाहीतर आयुर्वेदिक, इतकंच काय रक्तदान शिबिर आणि शाळेची फर्स्ट एड रूमसुद्धा, सगळे त्यात येतात. एमपीसीबीचं ऑथरायझेशन, म्हणजे परवानगीचा कागद लागतो, बेड नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच काढायचं असतं. दरवर्षी ३० जूनच्या आत आदल्या वर्षीचा हिशोब फॉर्म ४ मध्ये द्यायचा. पिशवीवर बारकोड. स्टाफला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा ट्रेनिंग. तुम्ही जाऊन ऑथरायझेशन आणि गाडीची रोजची नोंद दाखवा म्हणा, नीट काम करणारा माणूस दोन मिनिटांत काढून दाखवेल.

रंगांचं एवढंच लक्षात ठेवा. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग, प्लॅस्टर, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या टणक डब्यात, जो टोचून फुटत नाही. काचेच्या औषधाच्या बाटल्या आणि फुटलेले अँप्यूल निळ्या खुणेच्या डब्यात. माझ्याकडे सुईचा डबा पाऊण भरला की झाकण लावून बंद, त्याच्यावर दाबून एकही सुई घालायची नाही. माझ्या कंपाउंडरला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं, पण रविवारी त्याच्या जागी दुसरा मुलगा आला की सगळं मुसळ केरात. तुमच्याकडेही असंच काहीतरी झालं असावं.

तळोजा_शिफ्ट
मंगळवार, सायंकाळी ६:०५

मी ह्याच लाईनमधला माणूस, दवाखान्यांचा कचरा जिथं येतो त्या प्लांटवर शिफ्टला असतो, प्लांटचं नाव लिहीत नाही. इथं कधी लिहिलं नव्हतं पण मावशींचं वाचून राहवलं नाही.

लोकांना वाटतं सगळं एका भट्टीत जाळतात. तसं नाय. गाडी आली की आधी पिशवीचा बारकोड स्कॅन, वजन, मग रंगाप्रमाणे वेगळं. लाल पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात, म्हणजे मोठ्ठा प्रेशर कुकरच समजा, १२१ डिग्री, १५ पीएसआय दाब, साठ मिनिटं. आत काही जिवंत राहिलं का ते बघायला एका जंतूच्या बिजाणूंची पट्टी ठेवतात, तो जंतू उष्णतेला इतका चिवट असतो की तो मेला म्हणजे बाकीचे मेलेच असं धरतात. मग श्रेडर. श्रेडर कशासाठी तर सिरिंज परत कुणी धुवून विकू नये म्हणून. २००९ साली गुजरातेत मोडासाला वापरलेल्या सिरिंज परत वापरल्या आणि काविळीने, म्हणजे ह्याच हिपॅटायटिस बी ने, माणसं मेली. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, अजून विसरलो नाय.

पिवळी पिशवी भट्टीत जाते. पहिल्या कप्प्यात ८०० डिग्रीच्या आसपास, तिथून निघालेला धूर दुसऱ्या कप्प्यात १०५० ला कमीत कमी दोन सेकंद राहिला पाहिजे, नायतर डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. म्हणून तर क्लोरीनवालं प्लॅस्टिक जाळायचं नाय आणि पिशव्या पण त्या प्लॅस्टिकच्या चालत नाय. पण होतं काय की दवाखान्यातली पोरं घाईत सलाईनच्या नळ्या पिवळ्यात कोंबतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाल पिशवीत सुई. पिशवी उचलताना मांडीला घासली की कळतं. मला दोनदा लागलीय. आमच्या लसी झालेल्या असतात, तपासणी होते, रजिस्टरमध्ये नोंद होते आणि फॉर्म भरतात. मावशींचं कुठल्या रजिस्टरात लिहिलं जाणार सांगा?

पिवळा माल दवाखान्यात ४८ तासांच्या वर ठेवायचा नाय असा नियम आहे, म्हणून आमची गाडी गणपतीत पण बंद नसते. आणि जवळ, ७५ किलोमीटरच्या आत, असा सामाईक प्लांट असला की हॉस्पिटलला स्वतःची वेगळी भट्टी लावता येत नाय, आमच्याकडंच द्यावं लागतं. सगळी वाट आखलेली आहे. फक्त घरातून निघालेली सुई ह्या वाटेवर येतच नाय, ती घंटागाडीतून तुर्भ्याच्या डंपिंग ग्राउंडला जाते, आणि जाता जाता पाच-सहा हातांतून जाते.

निंबोणी
बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दहाच्या आत मावशींना घेऊन वाशीला पालिकेच्या हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, फोटो बघितला, रक्त घेतलं, धनुर्वाताचं आणि हिपॅटायटिस बी चा पहिला डोस दिला. सुई कोणाची ते कळत नव्हतं म्हणून त्यांनी विचार करून पीईपी पण सुरू केलं. मावशी गोळ्यांचं पाकीट पदरात गच्च धरून बसल्या होत्या. रिक्षात मला म्हणाल्या, घरी सांगू नका, सून घाबरेल आणि भाकऱ्या करायला देणार नाही. मी त्यांना कसंबसं समजावलं की हा आजार नाही, हा आजार होऊ नये म्हणून आहे.

घरी आले, डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला आणि सासऱ्यांच्या खोलीत गेले. सासरे चार वर्षं इन्शुलिन पेनवर आहेत. टेबलाच्या खणात निळी टोपणं. डब्यात, पेपरच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली पुडी. गुंडाळत मीच होते, चार वर्षं, रोज, कोणाला लागू नये म्हणून. ती सुई आमच्याच घरातली होती की नाही हे सांगता येणार नाही, पण असू शकते, आणि हे लिहिताना माझा हात थरथरतोय.

आज ग्रुपवर हे सगळं जसंच्या तसं टाकलं. पहिला अर्धा तास कोणी काही बोललं नाही. मग एकेकाने लिहायला सुरुवात केली. आत्तापर्यंत ११ घरं निघालीत, आठ इन्शुलिनची, एका घरी आजोबांचं घरीच ड्रेसिंग चालतं आणि दोन घरं शुगर तपासायला बोटाला टोचायच्या लॅन्सेटची. सगळ्यांचं सुक्या कचऱ्यात, सगळे पेपरात गुंडाळूनच.

दवाखान्यात पण गेलो. डॉक्टरांनी ऑथरायझेशन दाखवलं, गाडीच्या नोंदी दाखवल्या. कापसाचं मान्य केलं, रविवारच्या बदली मुलाने डबा सोसायटीच्या डब्यात उलटा केला होता. लेखी माफी दिली आणि आता रविवारीसुद्धा नेहमीचाच माणूस ठेवणार म्हणाले. कमिटीने तक्रार न करता पत्राची प्रत फाईलला ठेवायचं ठरवलंय, पुन्हा झालं तर मात्र बेलापूर. खाडीकाठ, तुम्हाला हे पटणार नाही, पण स्वतःच्या ११ घरांचा कचरा तसाच असताना माझा हात तक्रारीवर उठत नाही.

आता घरच्या सुयांचं नक्की काय करायचं?

कोलशेतचा_डॉक्टर
बुधवार, रात्री ११:१०

तुम्ही हे ग्रुपवर मांडलंत त्याला हिंमत लागते.

घरच्या सुया दवाखान्याच्या नियमांत येत नाहीत, त्या घनकचरा नियमांमध्ये येतात. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला आणि सुका सोडून तिसरा प्रकार होता, घरगुती घातक कचरा. वापरलेल्या सुया, सिरिंज, जखमेचं ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट हे सगळं त्यात. तो वेगळा ठेवून वेगळा द्यायचा. आणि असा कचरा जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र पालिकेने उभं करायचं असं त्याच २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं, तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला पत्र द्या, आमचा हा कचरा कुठे आणि कोणत्या दिवशी घेणार ते लेखी मागा.

घरात करायचं ते सोपं आहे. फरशी पुसायच्या लिक्विडची किंवा कपड्यांच्या डिटर्जंटची जाड बाटली घ्या, पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून बाहेर येते. सुई पेनवरून काढली की सरळ बाटलीत. हाताने परत टोपण लावायच्या भानगडीत पडू नका, त्यातच स्वतःला टोचतं. वर मार्करने "सुया आहेत, उघडू नका" असं मराठीत आणि हिंदीत लिहा. पाऊण भरली की झाकणाला टेप. मी माझ्या इन्शुलिनच्या पेशंटांना सांगून ठेवलंय, भरलेली बाटली माझ्याकडे आणा, माझ्या पांढऱ्या डब्याबरोबर जाईल. तुमच्या खालच्या डॉक्टरांना विचारून बघा, मला वाटतं आत्ता ते नाही म्हणणार नाहीत.

तळोजा_शिफ्ट
गुरुवार, सकाळी ७:२५

नाईट संपवून लिहितोय. डॉक्टर तयार झाले तर ती बाटली त्यांच्या बारकोडवर येईल, वजन त्यांच्या नावावर पडेल, म्हणून आधी बोलून घ्या, गुपचूप त्यांच्या पिशवीत सारू नका. आणि बाटली पांढऱ्या डब्याबरोबर, पिवळ्या पिशवीत अजिबात नको. मावशींना माझा नमस्कार सांगा.

निंबोणी
गुरुवार, दुपारी ४:००

खालचे डॉक्टर हो म्हणाले, महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्या बाटल्या त्यांच्याकडे. त्यातली एकही मावशींच्या हातात द्यायची नाही, ज्याची त्याने नेऊन द्यायची, हे मीटिंगमध्ये लिहून घेतलं. वॉर्ड ऑफिसचं पत्र उद्या जातंय. लसीच्या तिन्ही डोसांचा आणि तपासण्यांचा खर्च काही निघाला तर सोसायटीच्या खात्यातून, आणि त्या दिवसांचा मावशींचा पगार कापायचा नाही.

एकच राहिलं, सिस्टर, बोटं वळतील असे कुठले ग्लोव्हज घ्यावेत त्यांच्यासाठी?

जयू_सिस्टर
गुरुवार, सायंकाळी ५:४५

सफाईवाल्यांसाठी पातळ, तळव्याला रबराचा थर दिलेले विणलेले ग्लोव्हज मिळतात, त्यांच्या मापाचे घ्या, दुकानात त्यांनाच घेऊन जा, आणि दोन जोड्या, एक धुऊन वाळत असताना दुसरी. पण ताई, ग्लोव्ह कुठलाही असला तरी सुई आत जाते. एक लांब दांड्याचा चिमटा आणा आणि निवडायला कंबरेएवढं टेबल द्या, त्याच्यावर पिशवी ओतायची, पुडी दिसली की चिमट्याने उचलून बाजूला, हाताने दाबून बघायची नाही. आणि त्या गोळ्या २८ दिवस रोज एकाच वेळी जातायत ना बघा, मळमळ होते म्हणून बायका मधेच सोडतात. तसं वाटलं तर न थांबवता तिथल्या डॉक्टरांना सांगायचं, ते त्यावर औषध देतात.